पडवी आमची, आणि पाडायचीही आम्हीच

आत्ताच सांगायचंय. उद्यावर ठेवलं तर शांत होईन, आणि शांत झाले की आय म्हणते तसं "जाऊ दे गो" म्हणून मोकळी होईन. म्हणून पडवीच्या चिऱ्यावर बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ दे.

काल सकाळी माझी आय घोटाभर काळ्या पाण्यात उभी होती. करवंटीनं पाणी उपसत होती. आणि वर, दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे, शेजारच्या वकिलांच्या ओटीवर मुन्शिपाल्टीचा आरोग्यसाहेब कोकमाचं सरबत पीत बसला होता. तिथूनच तो आमचं घर तपासत होता. खाली उतरायचं नाही. महाराचं अंगण ना!

"ए बाई," तो वरूनच ओरडला, "डास पाळलेस काय? दूध देतात वाटतं!"

ओटीवरचे सगळे हसले. वकील तर उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

आय म्हणाली, "साहेबानू, पाणी आमचा नाय. वरना येतंय."

"वरनं? मग गंगाच म्हणायची. आंघोळ कर की!"

परत हसले.

फाल्गुन चाललाय. दिवाळीपासून पावसाचा थेंब नाही. हंडाभर पाण्यासाठी आम्ही झऱ्यावर ताटकळतो. आमच्याकडे सांडायला पाणी आहे कुठं? त्या पाण्यावर साबणाचा फेस होता. आमच्या घरात कधी साबण आलाय? पांढरा भात तरंगत होता. आम्ही नाचणीची भाकरी खाणारी माणसं. ओटीवरून भात दिसत नव्हता? दिसत होता! पण बघायचा नव्हता.

वकिलांचं न्हाणीचं, खरकट्या भांड्यांचं पाणी आधी त्यांच्या माडांना जायचं. दिवाळीनंतर त्यांनी नवी न्हाणी बांधली, आमच्या बाजूला, आणि गडग्याला भोक पाडून सगळी घाण आमच्या अंगणात सोडली. जमीन ओली झाली, मग घर ओलं झालं. जिथं निजायचं तिथं ओल. तेवढ्यात थोरली आक्का बाळंतपणाला आली. ओल्या भुईवर बाळंतीण कशी निजवायची? म्हणून आयनं आणि मी चिरे रचून उंच केलं, वर बांबू, झावळ्या. ही पडवी. बाळाची पाचवी इथंच पुजली. बाळ अजून मूठ उघडत नाही एवढं लहान आहे.

आम्ही तक्रार केली नाही असं नाही. आय आणि मी मुन्शिपाल्टीत गेलो होतो. पायरी चढायची नाही, म्हणून अंगणातूनच ओरडून सांगितलं. कारकून म्हणाला, लिहून आण. मी चौथी शिकलेय. अर्ज लिहून नेला. तर हातात घेईना. "ठेव त्या चिऱ्यावर." ठेवला. वाऱ्यानं उडाला. मी आवारभर कागदामागं धावतेय आणि वर खिडकीत माणसं हसतायत, "धर गो धर, तुझा अर्ज पळाला!" परत ठेवला, दगडाखाली. तो अजून तिथंच असेल.

वकिलांनी काय लिहिलं? काही नाही! आदल्या संध्याकाळी साहेबाला म्हणाले असतील, "वासानं जेवण जात नाही हो." सकाळी साहेब हजर. आमच्यावर.

आणि हुकूम काय? न्हाणीचं भोक बुजवा? छे! साहेब म्हणाला, "ही पडवी बिनपरवाना आहे. उद्या सकाळपर्यंत पाडून टाका."

आय म्हणाली, "आत बाळंतीण हाय, साहेबानू."

"तिला विचारून बांधलीत काय?"

त्यांच्या न्हाणीचा परवाना कुणी विचारला? कोणीच नाही. मी विचारणार होते, पण आयनं माझा दंड घट्ट धरला होता. रात्रभर ती धरल्याची जागा दुखत होती.

आज सकाळी साहेब परत आला. बरोबर पट्टेवाला आणि मुन्शिपाल्टीचे दोन गडी, हातात पहारी. सगळे गडग्यापलीकडेच थांबले.

"पाडली नाहीस?"

आयनं हात जोडले. साहेब गड्यांना म्हणाला, "चला रे." गडी हलेनात. एकमेकांकडे बघायला लागले. एक जण हळूच म्हणाला, "साहेब, महाराच्या घराला हात कसा लावायचा? घरी गेल्यावर आंघोळ, वर बायकोची बोलणी." साहेब चिडला, पण तोही कुठं उतरत होता? मग आमच्याकडे वळून म्हणाला, "ए, तुम्हीच पाडा. आम्ही बघतो."

आय उठली. खरंच उठली! आतून आक्का नुसती "आये, आये" करत होती. आयनं हात वर केला आणि पहिली झावळी ओढली. माती सांडली, बाळ रडायला लागलं.

आणि मला एकदम दिसलं. पहारी त्यांच्याकडे, पट्टे त्यांच्याकडे, हुकूम त्यांचा. पण घर पाडायला हात आमचेच लागतात! आमच्याशिवाय त्यांना एक झावळी काढता येत नाही!

मी आयचा हात धरला. काल तिनं माझा धरला होता तसाच, घट्ट.

"आये, सोड ती झावळी."

"गप ऱ्हव गो. मारतील."

"मारायलासुद्धा त्यांना आपल्या अंगाला हात लावायला लागेल." आणि मग मी वर बघून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्या ओटीकडे मान वर करून ओरडले. "आम्ही नाही पाडणार! तुम्हाला पाडायची ना? मग या खाली. या पाण्यात पाय घाला. भात कुणाचा तो बघा. आणि तुमच्या हातानं पाडा!"

कोणी हसलं नाही. पट्टेवाला जमिनीकडे बघत होता. वकील म्हणाले, "फार चढून गेलीय ही कारटी." पण गडग्याच्या अलीकडे पाऊल पडलं नाही. एकाचंही नाही.

मग मी एक चिरा उचलला, पडवीसाठी आणलेल्यातलाच उरलेला, आणि गडग्याच्या भोकात घट्ट ठोकून बसवला. आयनं बोटभर माती लिंपली. न सांगता.

"काढ तो चिरा!" वकील ओरडले.

"तुम्ही काढा."

साहेब जाताना म्हणाला, "उद्या तुमच्यातलेच चार आणतो. चार दमड्यांत पाडून देतील."

हेच ते. हेच ऐकून मी लिहायला बसलेय. त्याला ठाऊक आहे, आमचेच हात मिळतील. आजवर मिळत आलेत. दुपारपासून मी वाडीत घरोघर जाऊन आले. प्रत्येक दारात एकच सांगितलं, उद्या बोलावलं तर जायचं नाही. काही जण हो म्हणाले. एकानं दार लावून घेतलं. एका काकानं विचारलं, "मग खायचा काय गो?" मी म्हटलं, काका, आमच्या पडवीला पहार लावलीस तर उद्या तुझ्या घराला लावायला मला बोलावतील. आणि मीही नाही जाणार.

उद्या जो येईल, मग तो साहेब असो की काका, त्याच्यासमोर मी या चिऱ्यावर बसलेली असेन. हात लावून मला उठवायचं. न्हाणीचं पाणी आता वर साचतंय. त्यांच्या ओटीपर्यंत वास गेलाय.

तुम्ही जे हे वाचताय, तुमच्याकडून कधी तुमचंच घर पाडून घेतलंय का? तुमच्या शेजाऱ्याचं? तुमच्याच हातांनी? खरं सांगा. आणि पुढच्या वेळी बोलावतील तेव्हा जाणार आहात का, तेही सांगा.