मागच्या सीटवरची कंबर

सुरतेच्या उधन्यात कुणाची गाडी खड्ड्यात खडखडली की लोक हिलाल पाटलाचं नाव काढत. पंधरा वर्षं मागावर काढलेला हा माणूस गिरणी बंद पडल्यावर ट्रकच्या कमान्या ठोकायला शिकला आणि तिथून मारुतीच्या स्प्रिंगांपर्यंत पोचला. हात कसबी, स्वभाव मात्र हेकट. गिऱ्हाईक म्हणेल ते करावं आणि मोकळं व्हावं, ही सरळ वाट त्याला कधी दिसलीच नाही.

सत्त्याण्णव साली आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आठ दिवस उरले असताना चेतन आपली मारुती एस्टीम घेऊन आला. चेतन म्हणजे धुडकूचा मुलगा. धुडकू आणि हिलाल एकेकाळी शेजारच्या मागांवर उभे राहिलेले दोस्त. आता धुडकूचे स्वतःचे बारा माग होते आणि ऑपरेशन झालेली कंबर होती. ‘पुन्हा जोरात धक्का बसला तर अंथरूण धराल,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी आखाजीला खान्देशात शिंदखेड्याकडच्या गावी जायचंच, असा म्हाताऱ्याचा हट्ट. जाणार अर्थातच याच गाडीतून.

चेतनने डिकीतून मुंबईहून आणलेलं खोकं काढलं. "काका, हे कॉइलओव्हर. स्प्रिंग आणि शॉकअप एकातच. ही रिंग फिरवली की गाडी खाली-वर. दोन बोटं खाली घ्या, मग बघा हायवेला कशी चिकटून पळते!"

हिलालने ते उलटसुलट करून पाहिलं. माल अस्सल होता, नावं ठेवायला जागा नव्हती. "वस्तू झकास शे," तो म्हणाला. "पन गाडी खाली बठनी म्हंजे स्प्रिंगले दबाले जागा कमी. तुना बापसाठे कंपनीनी उंची राहू दे. थोडा जाड स्प्रिंग, नवा शॉकअप, नवा रबर. बस."

"साधं तर सगळेच लावतात. तुम्हाला जमत नसेल तर कतारगामचा गॅरेजवाला बसवून देईल."

हे शब्द हिलालला झोंबले. "गाडी तुनी शे, पन कंबर मना दोस्तनी शे. मी बठाडस हाई. मंग तू बापनी जागावर बठ, गाडी मी चालाडस. तठे पटनं ते खरं."

चेतनला यात काय वावगं वाटणार? तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काम करताना हिलालच्या मनात पाप आलं. रिंग चार आटे जास्त आवळली असती तर गाडी दगडासारखी झाली असती, पोरगा विव्हळला असता आणि कुणाला कळलंही नसतं. हात रिंगपाशी थांबला. मग स्वतःलाच एक शिवी हासडून त्याने सगळं शक्य तितकं मऊ केलं. जिंकायचं तर खरं जिंकायचं.

दुपारी दोघं निघाले. चेतन मागे, डाव्या खिडकीशी, बापाच्या जागेवर. खड्डे आले, गतिरोधक आले, रेल्वेचं फाटक आलं. गाडी डुलत गेली. चेतन खुशाल शीळ वाजवत होता. "बोला काका, काय वाईट आहे?"

हिलालचा चेहरा पडला. खरंच वाईट काही नव्हतं. आपण उगाच म्हातारपणाचा अडाणीपणा केला, असं त्याला वाटून गेलं. गॅरेजपाशी त्याने ब्रेक दाबला आणि चेतनशेजारची रिकामी सीट आरशात दिसताच कपाळावर हात मारला.

"अरे, आखाजीले रिकामी गाडी कोन लई जास?"

सुरतेहून गावी निघालेला खान्देशी माणूस भाच्यांना साड्या, सोयऱ्यांना कापड आणि शेजाऱ्याची दोन गाठोडी घेतल्याशिवाय निघत नाही. हिलालने शेजारच्या कारखान्यातून कापडाचे ताके आणून डिकी ठासून भरली. बायको सरलाबाईला स्वयंपाक सोडायला लावून पुढे बसवलं, दोन कारागीर चेतनच्या शेजारी कोंबले. सरलाबाई बडबडतच बसली, पण बसली.

पुन्हा तेच रस्ते, तोच वेग. पहिल्या गतिरोधकालाच मागून धाडकन आवाज आला. स्प्रिंगला दबायला जागाच उरली नव्हती. चेतनची शीळ तुटली. दुसऱ्या खड्ड्याला त्याने ओठ चावला. समोर फाटक दिसलं तेव्हा धक्का चुकवायला त्याने दोन्ही मुठी सीटवर रोवून कंबर वर उचलली.

रूळ ओलांडले, तरी तो तसाच राहिला. मुठी टेकल्या होत्या तिथे कव्हराखालचा फोम आधीच दबलेला होता. उजवीकडे एक खळगा, डावीकडे एक, दोन्ही मुठीएवढे. त्याने हात काढला, पुन्हा ठेवला. बरोबर बसला.

"काका, गाडी थांबवा."

हिलालने मागे वाकून ते खळगे पाहिले. दोन वर्षं धुडकू या गाडीतून अशाच मुठी रोवून फिरत होता आणि दोस्तालाही कधी बोलला नव्हता. "तू इतली हौसमा गाडी लयना," हिलाल चेतनला म्हणाला. "तो तुले कसा सांगी?"

गॅरेजात कधीही अहिराणी न बोलणारा चेतन खाली मान घालून म्हणाला, "काका, साधाच बठाडा. पन आजच बठाडा."