कूलरसमोरचं टेबल

"दे इकडं," हे कुंदाचे पेटंट शब्द. कोणाच्याही घरी गेली, की पाच मिनिटांत तिची नजर कुकरच्या ढिल्या दांड्यावर जायची. सुरीच्या टोकानं स्क्रू आवळूनच ती चहाला हात लावायची. माझ्या सासूबाई तिचं भरभरून कौतुक करायच्या. माझं कधी केल्याचं मला आठवत नाही.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात इतिहास शिकवायचो. मी धरमपेठेतली, ती जरीपटक्याहून स्कूटीवर यायची. पीएच.डी.ला नावही एकाच वर्षी घातलं. आता लपवून काय करू, मी तिच्यावर जळायचे. तिच्या तासाला मुलं दाराशी उभी राहून ऐकत. माझ्या तासाला हजेरी झाली की मागचा बाक रिकामा.

त्यातून विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं ते टेबल! नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर जागा मिळणं म्हणजे काय, हे नागपूरकरालाच कळेल. कॉलेज सुटलं की कुंदा रोज तिथं. दोन वर्षं शिपायानं ती जागा तिच्यासाठी राखली. तिचा प्रबंध माझ्या दीड वर्ष आधी झाला, तेव्हा मी पेढा खाल्ला आणि घरी येऊन रडले.

पीएच.डी.ला नाव घातलं त्या सुमाराला माझी मुलगी लहान होती, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि माझं ग्रंथालयाचं सभासदत्व संपलं होतं. नव्यानं करायचा अर्ज कुंदानंच नेला. "दे इकडं, मी भरून देते." दोन दिवसांनी येऊन तिनं माझ्या लॅपटॉपमध्ये प्रॉक्सी की काय ते बसवलं. त्यामुळे ग्रंथालयाची सगळी नियतकालिकं घरबसल्या उघडायला लागली.

"झालं वं. वाच आता."

मी वाचलं, लिहिलं आणि पुढं सगळ्यांना ऐकवत राहिले: माझ्यासाठी कोणी टेबल राखलं नव्हतं, घरात बसून, कोणाच्या मेहेरबानीशिवाय केली मी पीएच.डी. कुंदासमोरही ऐकवायचे. ती म्हणायची, "तुझी जिद्द मले नाही बाप्पा."

गेल्या महिन्यात ती प्राचार्य होऊन चंद्रपूरला निघाली. अर्ज माझाही होता. असो. निरोप घ्यायला आली तेव्हा मी लॅपटॉपशी भांडत होते. सकाळपासून एक पान उघडेना. काहीही उघडायला जावं, तर ग्रंथालयाची चौकट समोर येऊन पासवर्ड मागायची.

"दे इकडं. हे अजून ठेवलं काहून? नवी पद्धत येऊन किती दिवस झाले!"

मी चौकटीतला सभासद क्रमांक पहिल्यांदाच नीट वाचला. "हा नंबर माझा नाही, कुंदा."

"माझा आहे. काल मी ग्रंथालयाचं कार्ड वापस केलं ना, म्हणून अडून राहिलं."

"आणि माझा अर्ज?"

"मुदत गेली म्हणून त्यांनी वापस केला होता. मंग मी माझाच नंबर टाकून दिला."

"मग तू कुठून वाचायचीस?"

"एका नंबरावर एका वेळी एकच जण चाले. तू इथं वाचून राहायची, म्हणून मी तिथं जाऊन बसायची. छापील अंक होतेच ना."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तं तू पीएच.डी.च सोडली असती. तुले कोणाचं घेणं जमते का वं?"

बोलता बोलता तिनं सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सीचा पत्ता पुसला, ती बंद केली आणि ब्राउझर पुन्हा सुरू केला. सकाळपासून अडलेली पानं भराभर उघडली. मला मात्र पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. ज्या टेबलापायी मी दोन वर्षं जळले, तिथं तिला मीच बसवलं होतं. आणि इतकं कळूनही माझं जळणं थांबलं नाही. आता तर तिच्या मनाच्या मोठेपणाचाच हेवा वाटायला लागला.

दारापर्यंत पोचवायला गेले. आभार मानायचे होते. तोंडातून निघालं, "आता काय, केबिनला एसी असेल तुझ्या."

"आहे ना," ती चप्पल घालत म्हणाली. "उन्हाळ्यात ये. तू तिथं बसून लिही, मी बाहेर बसते."