हिरव्या विणीची खुर्ची

"थांब, विकत घेऊ नकोस. कोणीतरी परत जाणारच आहे."

राजिंदर नगरातल्या मुलींच्या पीजीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा दारातच एका वयाने मोठ्या मुलीच्या तोंडून हे वाक्य ऐकलं. माझ्या हातात सामानाची यादी होती. गादी, बादली, मग, टेबललॅम्प, इस्त्री, खुर्ची. शेजारी वडील उभे होते, बार्शीहून निघाल्यापासून नीट झोपलेले नव्हते. तिने यादी माझ्या हातातून घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली, घडी घातली आणि मागची बाजू कोरी आहे ना हे पाहून खिशात टाकली. ती यादी मला पुन्हा दिसली नाही. महिन्याभराने तिच्या टेबलावर भूगोलाचे मुद्दे लिहिलेला एक कागद पाहिला, त्याच्या पाठीवर माझ्या वडिलांचं अक्षर होतं.

वडील फार दुखावले. "पोरगी आत्ता आलीय आणि ही बाई परत जायचं काढतेय," असं ते जिन्यावर पुटपुटले. मीही घाबरले. माणूस मोठी परीक्षा द्यायला दिल्लीला येतो तेव्हा त्याला पहिल्या दिवशी काहीतरी बरं ऐकायचं असतं.

आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो. कुणाला तिचा कितवा अटेम्प्ट आहे ते ठाऊक नव्हतं आणि विचारायची छातीही नव्हती. बोलण्यावरून ती मराठवाड्याच्या टोकाकडची वाटायची. त्या मजल्यावर आम्ही पाचजणी, पाचही महाराष्ट्रातल्या, आणि आमच्या त्या छोट्याशा संसाराची कारभारीण तीच.

तिचं म्हणणं दहाच दिवसांत खरं झालं. चंद्रपूरची एक मुलगी चौथ्यांदा नापास होऊन घरी निघाली. खाली रिक्षा उभी होती. ताईने तिला पोळी-चटणीचा डबा बांधून दिला, जवळ घेतलं, बॅग उचलून खाली पोचवली. रिक्षा गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत ती वरती आलीही होती, आणि तिच्या हातात नेलपेंट काढायच्या रिमूव्हरची बाटली आणि कापूस होता.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची सवय असते, तुम्हाला माहीतच आहे. घरून आणलेल्या ताटवाटीवर ते कोरलेलं असतं. दिल्लीत घेतलेल्या बादलीवर, मगावर, कूलरवर मुली नेलपेंटने नाव लिहीत. ताईने स्वतः आयुष्यात कधी नेलपेंट लावलं नसेल, पण रिमूव्हरची बाटली तिच्याकडे कायम. चंद्रपूरच्या मुलीचं नाव तिने बादलीवरून पुसलं, मगावरून पुसलं, इस्त्रीच्या मुठीवरून पुसलं आणि त्या वस्तू माझ्या खोलीत आणून ठेवल्या.

मला ते दृश्य भयंकर वाटलं. मी म्हटलं, "ताई, निदान आजचा दिवस तरी राहू द्यायचं."

"नाव राहिलं की पुढची रडत बसते," ती म्हणाली. "बादलीनं पाणी भरायचं. कुणाची होती ते तिला काय करायचंय?"

मी त्या मुलीच्या गादीवर झोपले. चार रात्री मला धड झोप लागली नाही. पाचव्या रात्री लागली.

ताई कंजूष होती असं आमच्यातल्या दोघींचं मत होतं. पुरावे भरपूर होते. साबणाच्या चिपट्या ती जुन्या मोज्यात भरून नळाला टांगायची आणि आम्ही सगळ्या त्या मोज्यावर हात चोळायचो. पेस्टची ट्यूब संपली की कात्रीने उभी चिरायची, मग ती आणखी आठवडाभर चालायची. पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्यानेच मजला पुसायचा, आणि ते पाणी कुणी ओतून टाकलं तर तिच्या कपाळावर आठी. उन्हाळ्यात स्वेटर उशीच्या खोळीत भरले जायचे, म्हणजे उशी घ्यायला नको आणि पेटीही नको. डबेवाला पाठवायचा त्या जाडजूड रोट्या रोज उरायच्या, त्यांची दुसऱ्या दिवशी कांदा घालून फोडणीची पोळी. दिल्लीत राहून मी जितकी फोडणीची पोळी खाल्ली तितकी बार्शीतही खाल्ली नसेल.

काही घ्यावंसं वाटलं तर ते कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून महिनाभर थांबायचं, असा तिचा नियम. महिना झाला की ती यायची आणि बोट ठेवून विचारायची, "अजून पाहिजे का?" बहुतेक वेळा आम्हाला ते का हवं होतं हेच आठवायचं नाही. मी एकदा हेअर ड्रायर लिहिला होता. त्याच्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं, आणि महिनाभर ते प्रश्नचिन्ह पाहून मीच तो खोडला.

आमच्या सरावाच्या उत्तरपत्रिका कोपऱ्यावरच्या शेंगदाणेवाल्याकडे जायच्या. एकदा त्याच्याकडून पुडी घेतली तर ती माझ्याच निबंधाची निघाली, वरती तपासनिसाचा शेरा, "मुद्दा स्पष्ट नाही." मी तो शेरा वाचत शेंगदाणे खाल्ले. ताईला दाखवला तर तिने पुडीची घडी घातली आणि म्हणाली, "शेंगदाणे गळले नाहीत ना? मग झालं."

मग तिला कंजूष म्हणावं, तर माझी रूममेट नसरीन तापाने फणफणली तेव्हा हिने तीन दिवस पुस्तक उघडलं नाही. परळीहून नसरीनची आई येईपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिली. मेन्स तोंडावर असताना तीन दिवस म्हणजे काय, ते त्या गल्लीत राहिलेल्यालाच कळेल. मोज्यातला साबण वाचवणारी बाई दिवस असे कसे उधळते, हे मला तेव्हा उमगलं नाही. आजही उमगलंय असं नाही.

आता खुर्चीचं सांगते, कारण खरी भानगड तिथेच आहे.

त्या उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरची एक मुलगी पास झाली. क्लासच्या बाहेर तिचा भलामोठा फोटो लागला. ती गेली, आणि मागे तिची खुर्ची राहिली. लाकडी, हातांची, प्लास्टिकच्या वेताने विणलेली. नापास झालेल्यांच्या बादल्या आम्ही नाक मुरडत घ्यायचो, पण पास झालेलीच्या खुर्चीसाठी आम्ही चौघी अक्षरशः भांडलो. इतिहास, राज्यशास्त्र, विज्ञान शिकलेल्या चार मुली. नसरीन तर सकाळी सातला त्या खुर्चीत बसायची आणि जेवायलाही उठायची नाही, कारण उठली की मी बसायचे.

ताईने तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी आम्ही क्लासला गेलो असताना तिने मजल्यावरच्या चारही लाकडी खुर्च्या गच्चीवर नेल्या, गल्लीतून ओरडत जाणाऱ्या विणकराला वर बोलावलं आणि सगळ्या खुर्च्यांची जुनी वीण काढून नवी घालून घेतली. चारही हिरव्या. लाकूड पॉलिश पेपरने घासून घेतलेलं. आम्ही परतलो तेव्हा गच्चीवर चार सारख्या खुर्च्या ओळीने उभ्या होत्या.

"वीण सैल झाली होती," ती म्हणाली. "घ्या आता कुठलीही."

नसरीन रागाने एक उचलून खाली गेली. बाकीच्या दोघी खुर्च्यांचा वास घेऊन पाहत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी मात्र थांबले. त्या गेल्यावर मी ताईसमोर रडले, लाज सोडून. वडील पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. घरी धाकटा भाऊ होता. पहिली प्रिलिम माझी हुकली होती, आणि आता एकदा तरी पुढे गेले नाही तर मला परत यायला सांगणार हे ठरलेलं होतं. मला ती खुर्ची हवी होती. कशावर तरी विश्वास ठेवायला हवा होता, आणि अभ्यासावरचा उडाला होता.

खाली आपल्या खोलीत न्यायला उचललेली उरलेली खुर्ची ताईने परत फिरवली आणि माझ्यापुढे ठेवली. "ही घे."

"हीच ना ती? जिची ही होती तिचं झालं ना?"

"झालं की नाही, मला नाही माहीत," ताई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहत राहिले. जिचा फोटो सगळ्या गल्लीने पाहिला तिचं झालं की नाही हे हिला माहीत नाही? मला वाटलं, उघड सांगितलं तर बाकीच्या भांडतील म्हणून ही मुद्दाम वेड पांघरतेय. मी मनात समजायचं ते समजले आणि खुर्ची खाली नेली. त्यानंतर ताई जमिनीवर गादीची घडी करून वाचायला बसायची. खुर्चीत पाठ दुखते म्हणायची, आणि आम्हाला ते पटलं.

पुढच्या वसंतात ताईचा इंटरव्ह्यू झाला. आमच्या मजल्यावर इंटरव्ह्यूची एकच साडी होती, कुणीतरी कधीतरी मागे ठेवलेली, करड्या रंगाची. जिला बोलावणं येईल तिने ती नेसायची. ताई ती नेसून गेली, आली, साडी धुतली, वाळवली, इस्त्री करून कपाटात ठेवली. कसा झाला विचारलं तर म्हणाली, "साडी उंचीला कमी पडते. पुढच्या मुलीला खाली पट्टी जोडून घ्यायला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची खोली रिकामी होती. तिच्या वस्तू दाराजवळ रचलेल्या, सगळ्या घासूनपुसून ठेवलेल्या, आणि वर ती रिमूव्हरची बाटली. घरमालकीण आंटी म्हणाल्या, "भाई आया था लेने. बोली, सो रही हैं, जगाना मत." म्हणजे आमच्यासाठी एवढाच निरोप, की आम्हाला उठवू नका.

निकाल काही आठवड्यांनी लागला. यादीत तिच्या नावाचं एक नाव होतं. पण तिचं नाव असं की आपल्याकडे दर तालुक्यात त्याच नावाच्या पाच निघतील. नसरीन म्हणाली, तीच. मी म्हटलं, तीच. मग दोघींनाही शंका आली, कारण आमच्यापैकी कुणालाच तिच्या वडिलांचं नाव माहीत नव्हतं. फोन लागत नव्हता. इतकी वर्षं एका माणसाच्या हातची फोडणीची पोळी खाल्ली आणि त्याचं पूर्ण नाव विचारलं नाही, याची मला फार लाज वाटली.

त्या वर्षी माझी प्रिलिम निघाली. मेन्स गेली. पुढच्या वर्षी प्रिलिमही गेली. खुर्ची अर्धीच चालते, असं मी हसत नसरीनला सांगितलं आणि नोएडाच्या एका ऑफिसात नोकरी धरली. पीजी सोडताना ताईच्या रिवाजाप्रमाणे सगळं मागे ठेवलं, स्वतःच्या हाताने नावं पुसली. फक्त खुर्ची आणली. तेवढा हावरटपणा मी केला.

आता मी मयूर विहारला राहते. मागच्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला, तिची लेक परीक्षेच्या तयारीला दिल्लीला येतेय, थोडे दिवस तुझ्याकडे राहू दे. हिरवी वीण तोवर मधोमध तुटली होती. रविवारी गल्लीत "कुर्सी बुनवा लो" अशी हाक आली, तसा मी त्या माणसाला वर बोलावलं. त्याने ब्लेडने वीण कापली, पट्ट्या सोडवल्या, आणि चौकटीचं लाकूड उघडं पडल्यावर म्हणाला, "मैडम, इसपे कुछ लिखा है. रेगमाल मार दूँ?" पॉलिश पेपरने ते घासून टाकू का, असं विचारत होता.

चौकटीच्या आतल्या अंगाला लाल नेलपेंट होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खाली गाव, तालुका, जिल्हा. अक्षर गोल, सावकाश काढलेलं, घरून पहिल्यांदाच लांब आलेल्या मुलीचं. त्याखाली, "नवीन घेतली." आणि एक वर्ष, मी आले त्याच्या नऊ वर्षं आधीचं.

ते ताईचं नाव होतं, आणि जिल्हाही मराठवाड्याच्या टोकाचा. जिने आम्हाला कधी काही विकत घेऊ दिलं नाही, तिने दिल्लीत आल्या आल्या नवी कोरी खुर्ची घेतली होती आणि तिच्यावर सबंध पत्ता लिहिला होता. मी खाली फरशीवर बसले. ती तेव्हा केवढी असेल, एवढंच मनात येत राहिलं. आणि मग, ही तिने मला का दिली? पास झालेलीची मिळेल या आशेने मी रडत होते, आणि तिने मला स्वतःची दिली. फसवलं म्हणावं? की तिच्याकडे तिचं असं एवढंच होतं?

"मैडम?"

"नहीं, रहने दीजिए. ऊपर से बुन दीजिए."

"कलर?"

"हरा."

बुधवारी भाची आली. फोनवर सामानाची यादी, गादी, लॅम्प, खुर्ची. "थांब, विकत घेऊ नकोस," मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. तिला खुर्ची दाखवली. तिने हात फिरवून पाहिलं, बसून पाहिलं, मग मान वर करून विचारलं, "मावशी, जिची होती तिचं झालं का गं?"

"झालं की नाही, मला नाही माहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि का बसला नव्हता ते मला चांगलं कळत होतं. गच्चीवर ताईकडे मी असंच पाहिलं होतं, आणि ती खोटं बोलली नव्हती. तिचा निकाल तेव्हा लागायचाच होता. आणि आता तिच्या वडिलांचं नाव कळूनही मी ती जुनी यादी उघडून पाहिली नव्हती.

"खरंच नाही माहीत," मी पुन्हा म्हटलं. भाचीने खुर्ची खिडकीकडे ओढली आणि पुस्तक उघडलं.