वाढत्या अंगाचं धनुष्य

उद्यावर इतका गाढ विश्वास असलेला माणूस मी आमच्या साडूंशिवाय दुसरा पाहिलेला नाही. बाकीची माणसं असा विश्वास देवळात जाऊन व्यक्त करतात, साडू दुकानात जाऊन करत. त्यांनी कुठलीही वस्तू आजच्या मापाची म्हणून घेतली नाही. लहानपणी आपल्या सगळ्यांनाच वाढत्या अंगाचे कपडे शिवले जात. अंग वाढायचं थांबलं तसा आपण तो नाद सोडला, साडूंनी सोडला नाही. पुण्याच्या कंपनीने त्यांना इंग्लंडात मिल्टन कीन्सला पाठवलं तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी जो ओव्हरकोट घेतला, त्याच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येत. "थंडीत माणूस फुगतो," असं त्यांचं म्हणणं. भाड्याच्या छोट्याशा घरात त्यांनी एवढा मोठा सोफा आणला की बागेकडचं दार अर्धंच उघडे, आणि कपडे वाळत घालायला माझी मेहुणी तिरकी होऊन बाहेर पडे. "पुढचं घर मोठं घेणारच आहोत ना," साडू म्हणत. "तोवर मी काय अशीच तिरकी राहू?" मेहुणी विचारी.

मी त्यांच्या आधीपासून इथे. हिशेबाच्या खात्यातला माणूस, गॅसचं बिल आलं की मीटर वाचून ताडून पाहणारा. त्यामुळे साडूंना काहीही घ्यायचं असलं की ते मला बरोबर नेत. माझा सल्ला ते मन लावून ऐकत आणि मग त्यांच्या मनात असेल तेच घेत. रविवारी सकाळी मैदानात गाड्यांच्या डिक्या उघडून लोक जुन्या वस्तू विकायला मांडतात, त्या कार बूट सेलला साडू सगळ्यांच्या आधी हजर. ब्रेड करायचं यंत्र, गिटार, दोन माणसांची होडी, सगळं तिथूनच आलं आणि सगळं आमच्या गॅरेजमध्ये पोचलं, कारण त्यांच्या घरात सोफा होता.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला त्यांच्या घरी ब्रॉडबँड आलं, आणि कुणा अमेरिकन गृहस्थाच्या वेबसाइटवर 'नवशिक्याने शिकारीचं स्वस्त धनुष्य कसं निवडावं' हे साडूंनी वाचलं. आठवड्याभरात ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन ते आमच्या स्वयंपाकघरात उभे. "साडूभाऊ, मी शिकारी होणार." हा गृहस्थ पूर्ण शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे वाढदिवसाच्या घरी दारातच विचारणारा. पुण्याहून सासूबाईंनी फोनवर ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही झुरळ मारायला शेजाऱ्यांना बोलावता. हरणाचं काय घेऊन बसलात?"

हरणाचा प्रश्न इंग्लंडच्या कायद्याने परस्पर सोडवला. जवळच्या एका धनुर्विद्या क्लबात आम्ही चौकशीला गेलो. तिथे शिकवणाऱ्या ब्रेंडाबाई, साठीच्या, पायात चिखलाचे गमबूट आणि हातात चहाचा मग. साडूंनी शिकारीचं विचारताच त्या म्हणाल्या, "ओ नो, माय लव्ह. धनुष्याने शिकार इथे चालत नाही, कित्येक वर्षांपासून नाही. आमच्याकडे फोमची हरणं आहेत." क्लबाच्या रानात झाडांच्या आड फोमची हरणं, डुकरं आणि एक उदास चेहऱ्याचं अस्वल उभं केलेलं होतं. साडूंचा चेहरा असा काही खुलला की बस. शिकारही होणार आणि पापही लागणार नाही! पुढे बाण काढायला गेले की ते हरणाच्या पाठीवरून हळूच हात फिरवत. कुणी बघत नाही असं त्यांना वाटे.

नवशिक्यांच्या वर्गात धनुष्य क्लबाचंच मिळे. वर्ग संपल्यावर ब्रेंडाबाईंनी खरेदीबद्दल तीन गोष्टी सांगितल्या. एक, हलकं घ्या, ओढ म्हणजे दोरी पूर्ण खेचायला लागणारं बळ अकरा किलोच्या आसपास पुरे. दोन, सुटं होणारं घ्या, म्हणजे मधली मूठ तीच ठेवून वरखालचे वाकणारे हात नंतर जड बसवता येतात. आणि तीन, बाण मात्र गरजेपेक्षा थोडे लांबच घ्या, नवशिक्याला तेच सुरक्षित. यातली तिसरी गोष्ट साडूंनी कानांनी नाही, काळजाने ऐकली. गाडीत बसल्याबसल्या माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "बघा! बाईसुद्धा तेच म्हणतात. वाढत्या मापाचं घ्या."

"ते बाणांचं म्हणाल्या. धनुष्य हलकं घ्या म्हणाल्या."

"अहो, पण तत्त्व एकच ना?"

तत्त्वाला धरून त्यांनी जवळच्या ब्लेचलीच्या एका माणसाकडून जुनं, अखंड, सुटं न होणारं धनुष्य पन्नास पौंडांत घेतलं. ओढ अठरा किलो. मी त्यांना म्हटलं, आधी ओढून तर बघा. त्यांनी ओढलं. दोरी जेमतेम वीतभर आली आणि साडूंचे कान लाल झाले. "नाही येत," मी म्हटलं. "म्हणजे बरोबर आहे," साडू म्हणाले. "आत्ताच ओढलं गेलं तर सहा महिन्यांनी मी काय करू?"

मेहुणीने मात्र या वेळी स्पष्ट सांगितलं. "हे पूर्ण ओढून दाखवा. नाहीतर यापुढे या घरात तुमच्या अंगाच्या मापाचंच येईल, रुमालसुद्धा." त्या दिवसापासून साडू वाढू लागले. आमच्या गॅरेजमध्ये बासमतीच्या दहा किलोच्या पिशव्या उचलत. फ्रिजचं दार धनुष्य ओढल्यासारखे तिरके उभे राहून उघडत. ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्यांची कोपरं आपोआप मागे जात, आणि त्यांच्या मॅनेजरने एकदा काळजीने विचारलं, पाठ दुखते का. दोरी हनुवटीला टेकली की ओढ पूर्ण, असा नियम. दर रविवारी रानात ब्रेंडाबाई ओरडत, "टू द चिन, लव्ह, टू द चिन!" आणि दोरी व हनुवटी यांच्यात किती बोटं राहिली हे मी मोजत असे. दहा बोटांची आठ झाली, आठांची सहा. हिवाळा संपेपर्यंत पाचावर आली होती.

त्याच सुमाराला कंपनीने प्रोजेक्ट पुण्याला हलवलं. साडूंना महिन्याभराची मुदत मिळाली. सोफा कुणी घेईना, शेवटी कौन्सिलची गाडी येऊन घेऊन गेली. मेहुणीने बागेकडचं दार पूर्ण उघडलं आणि तिथेच रडायला लागली.

शेवटच्या रविवारी आम्ही सगळे रानात गेलो. साडूंनी फोमच्या हरणासमोर पाय रोवले, लांब बाण लावला आणि ओढायला घेतलं. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. ब्रेंडाबाईंचा मग तोंडापाशी तसाच थांबला. मेहुणी हळूच म्हणाली, "ओढा हो." दोरी आली, आणखी आली आणि थांबली. साडूंनी बाण न सोडता दोरी सावकाश परत नेली. "किती?" त्यांनी मला विचारलं.

"चार," मी म्हटलं. खोटं सांगायची मला सवय नाही.

हीथ्रो विमानतळावर त्यांच्या अंगात तोच ओव्हरकोट होता. बासमतीने म्हणा, वयाने म्हणा, बाह्या आता मनगटावर नेमक्या बसत होत्या. "धनुष्य तुमच्याकडे राहू दे," ते म्हणाले. "चार बोटं राहिलीत, ती ओढायला यायलाच हवं."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. साडू दर वर्षी पुढच्या समरला येणार असतात. कधी त्यांची आई आजारी असते, कधी ऑफिस सोडत नाही, कधी तिकिटं महाग असतात. धनुष्याची दोरी उतरवून मी ते गॅरेजमध्ये भिंतीला आडवं टांगलं आहे. वसंतात एकदा दोरीला मेण लावतो, चढवतो आणि ठीक आहे ना हे बघायला जरा ओढतो. बाण न लावता दोरी सोडायची नसते, म्हणून तशीच सावकाश परत नेतो. दर वर्षी जराच ओढत होतो. या वर्षी दोरी हनुवटीला टेकली. मी दचकलोच. गॅरेजमध्ये कुणी नव्हतं, तरी इकडेतिकडे पाहिलं.

त्याच संध्याकाळी पुण्याहून फोन आला. तब्येती झाल्या, आंबे झाले, आणि मग साडूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आपलं धनुष्य कसं आहे? किती बोटं राहिलीत?"

"चार," मी म्हटलं. "तुमची आहेत तशीच आहेत. मी हात लावलेला नाही."

"मग यायला हवं," साडू म्हणाले.