जोंगा आणि बायकोचे मामा

हेरगिरीचे सिनेमे बघून देशाची काळजी करणारे लोक पुष्कळ असतील. पण हेरगिरीचे सिनेमे बघून क्लचप्लेटची काळजी करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. माणूस मूळचा चिपळूणकडचा. सैन्याच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी पंचवीसेक वर्षं काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मीरा रोडला सिल्व्हर पार्कात आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आले. युद्धाच्या गोष्टी सांगा म्हटलं, की ते गिअरबॉक्सच्या सांगायचे. शत्रूविषयी त्यांच्या मनात विशेष राग नव्हता. राग होता तो चढावर चुकीचा गिअर टाकणाऱ्यांवर, मग ते कुठल्याही देशाचे असोत.

'जासूसी पिक्चर' लागला की पहिल्या आठवड्यात मामा थिएटरात हजर. नायक कोण, नायिका कोण, गुप्त कागद कुणी चोरले, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. "कसा होता पिक्चर?" असं विचारलं की उत्तर यायचं, "शक्तिमान दोन, जिप्सी चार, जोंगा एक. पण जोंगाचे टायर शहरातले." शक्तिमान म्हणजे सैन्याचा जुना ट्रक आणि जोंगा म्हणजे सैन्याचीच एक थोराड जीप, हे ज्ञान मला त्यांच्याकडून झालं. इतरांचा आवाज कुलदैवताचं नाव घेताना जसा होतो, तसा मामांचा जोंगाचं नाव घेताना व्हायचा. घरी टीव्हीवर बघत असले तर रिमोट त्यांच्याच हातात. ऐन पाठलागात चित्र थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावायचे आणि म्हणायचे, "जावईबापू, इकडे या. शत्रूच्या जीपचं स्टिअरिंग बघा कुठंय. उजवीकडे! डाव्या स्टिअरिंगचा देश दाखवताय आणि गाडी आपली? ह्यांचा हेर अकलेने नाही, स्टिअरिंगने पकडला जाणार." त्यांच्या घरात बसून मी एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही.

थिएटरात रिमोट नसतो, म्हणून तिथे ते तोंडाने काम भागवत. एकदा मी त्यांच्या आणि मामींच्या बरोबर होतो. पडद्यावर बर्फाचा डोंगर, जखमी हेर जीप वर नेतोय, चाकं जागच्या जागी फिरतायत, सगळं थिएटर मुसमुसतंय, आणि मामा ओरडले, "अरे, फोर व्हील टाक ना आधी!" पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसत मागे वळली. "अंकल, प्लीज. वो मर रहा है." "मरेगा ही, मॅडम," मामा शांतपणे म्हणाले, "टू व्हील में चढ़ रहा है." मामींनी पदर तोंडावर घेतला, मध्यंतरात रिक्षा करून घरी गेल्या आणि त्यानंतर त्यांच्याबरोबर पुन्हा सिनेमाला गेल्या नाहीत.

मामांच्या मजल्यावर एक गुजराती गृहस्थ राहत. त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठचं केबिन रोडला कापडाचं दुकान होतं, आणि त्यांनी चारही चाकांना जोर लावता येणारी नवी कोरी फोर बाय फोर गाडी घेतली होती. ती सकाळी दुकानाशी जायची, संध्याकाळी परत यायची. मामांना ते बघवेना. कुणी शर्यतीचा घोडा दावणीला बांधून ठेवलेला बघावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. "शेठ," ते लिफ्टमध्ये गाठून सांगायचे, "इसको महिने में एक बार कीचड़ दिखाओ. नहीं तो भूल जाएगी." शेठ भला माणूस. शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही तिघं गाडीला चिखल दाखवायला जवळच्या चेणे गावाला गेलो. नदीकाठी पोचल्यावर शेठनी हौसेने गाडी ओल्यात घातली, आणि पाचव्या मिनिटाला गाडीने चिखल इतका मनावर घेतला की ती त्यातून निघेना. मामा सूचना देत होते, शेठ घामाघूम होऊन स्टिअरिंग फिरवत होते, मी मागच्या सीटवर बूट हातात घेऊन बसलो होतो.

तेवढ्यात टेकडीपलीकडून दोन गिअर एकमेकांवर घासल्याचा कर्रकर्र आवाज आला. मामांनी स्वतःची दाढ उपटल्यासारखा गाल धरला. "जोंगा आहे," ते म्हणाले, "आणि कोणीतरी तिला मारतंय." शेठना तसंच सोडून ते झपाझप चालू लागले, मी अनवाणी मागे. टेकडीपलीकडे शूटिंग चाललं होतं. हिरवी जोंगा, तिच्यात देखणा नायक, भोवती छत्र्या, दिवे, माणसं. नायकाला सीमेवरून पळून जायचं होतं, पण दुसरा गिअर पडत नव्हता. कुणी अडवायच्या आत मामा जोंगाच्या खिडकीशी पोचले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, क्लच दोनदा दाबायचा. मध्ये तिला श्वास घेऊ द्यायचा."

"ये अंकल कौन है?" दिग्दर्शक ओरडला.

"हवालदार मेकॅनिक," मामा ताठ उभे राहून म्हणाले. "एक राउंड मारू का, साहेब?"

नायक बिचारा सकाळपासून वैतागला होता. तो स्वतःच उतरला. मामा चढले, आणि ती मघाशी किंचाळणारी गाडी मांजरीसारखी गुरगुरत टेकडीला वळसा घालून आली. मी मामांना तोवर फक्त बोलताना पाहिलं होतं. त्या दोन मिनिटांत ते एक अक्षरही बोलले नाहीत. दिग्दर्शक कॅमेरावाल्याला म्हणाला, "हाथ इनके लो." मेकअपवाल्याने मामांच्या मनगटावरचे पांढरे केस काळे केले, नायकाचं घड्याळ त्यांना बांधलं, नायकाचा कोट चढवला, आणि फक्त हात दिसतील असा कॅमेरा लावून ते दृश्य घेतलं. मोबदला म्हणून मामांनी एकच गोष्ट मागितली. तीच जोंगा दोर लावून नेली आणि शेठची गाडी बाहेर काढली.

तो सिनेमा यायला दीड वर्ष लागलं. तेवढ्या काळात मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मामी रोज वेळेवर थेंब घालायच्या. दृष्टीमुळे गाडीचं लायसन्स पुढे वाढवून मिळालं नाही, हे मात्र त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. "तिला कशाला? तसंही कुठे चालवत होतो?" असं म्हणून त्यांनी विषय बंद केला होता.

सिनेमा लागला आणि मामी स्वतःहून म्हणाल्या, "मी येणार." दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो, शेठसुद्धा. मामा पूर्ण वेळ गप्प होते. शत्रूच्या ताफ्यातल्या तीन जीपचं स्टिअरिंग उजवीकडे होतं, तरीही गप्प. मग पाठलाग आला, आणि अख्ख्या पडद्यावर दोन हात. डावा हात गिअरवर आला, क्षणभर थांबला, दांडा अलगद पुढे सरकला. बस्स, एवढंच. दोन श्वासांत संपलं. पण गिअरवरची करंगळी जरा वाकडी होती. मागे कधीतरी बॉनेटखाली सापडलेली. मामींनी माझा दंड घट्ट धरला होता.

बाहेर आल्यावर शेठ सगळ्यांना सांगत सुटले, "हाथ अपने अंकल के थे!" मामी बाजूला उभ्या होत्या.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांना गाडी चालवताना मी आज पहिल्यांदा बघितलं."

"म्हणजे?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लग्न झालं आणि हे वर उत्तरेत, मी गावाला सासू-सासऱ्यांपाशी. रजेवर यायचे ते एसटीने. इथे आल्यावर सगळीकडे रिक्षा. एवढी वर्षं तिकडे काय करतात, कसे दिसतात, मला काय ठाऊक?" मग त्या मामांकडे वळल्या. "छान चालवता की हो. एकदा मला बसवून न्या ना कुठेतरी. शेठ देतील गाडी."

"क्यों नहीं, भाभी!" शेठ म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल बघत राहिलो.

"नेतो ना," ते म्हणाले. "दिवाळी होऊ दे."

त्यांनी हात करून रिक्षा थांबवली. मामी आत सरकून बसल्या, मामा त्यांच्याशेजारी बसले आणि पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, "आराम से चलाना, भाई. मॅडम साथ में हैं."