पोळ्याच्या दिवशी फसलेली मोटार

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत माझ्या आतेभावाइतका बिनकामाच्या कामात बुडालेला माणूस झाला नाही, आणि ज्याचा इतका हेवा करावा असाही दुसरा झाला नाही. मी तेव्हा चौकात पत्रकं वाटायचो. खाजगी मोटार म्हणजे एकाची ऐट आणि रस्त्यावरच्या सगळ्यांच्या तोंडावर धूळ, असं मी छापूनही टाकलं होतं. हा मात्र त्याच्या वकील वडिलांच्या मागे गोठ्यात गंजत पडलेली मोटार चालती करायला बसला. त्यांनी आत्याला, म्हणजे त्याच्या आईला, कबूल केलं होतं, पोळ्याला माहेरी मोटारीतून नेईन. ते राहून गेलं आणि ते गेले.

तो मोटारीखाली राहायचा. जेवणसुद्धा तिथंच. आत्या ताट खाली सरकवायची, आतून काळा हात यायचा आणि आवाज, "आई, आंबाडीची भाजी अजून वाढ." मी रात्रंदिवस क्रांतीवर लिहीत होतो, मला कुणी ताट सरकवलं नाही. बडनेऱ्याच्या भंगारातून तो नळ्या आणायचा. इंजिनाला कान लावून "हिचं पोट दुखून राहिलं" म्हणायचा, आणि शेजारीपाजारी माना डोलवायचे. माझ्या सभेला न येणारी माणसं ती! गादीत त्यानं आमच्याच शेतातला न पिंजलेला कापूस भरला, सरकीसकट. म्हणे, घरचा माल.

अखेर मोटार सुरू झाली आणि ऐन पोळ्याला तो आत्याला घेऊन भातकुलीकडच्या आमच्या गावी निघाला. गावात तोरणाखाली सजलेले बैल उभे होते आणि मी ओट्यावरून विचारत होतो, "आज बैलाला सुट्टी, कष्टकऱ्याला कधी?" तेवढ्यात ओरड झाली की मोटार शिवेवर चिखलात फसली. सभा तिकडे धावली. मीही गेलो, एकटा कुणाला सांगणार?

काळ्या मातीनं चाकं गिळली होती आणि इंजिनही बंद पडलं होतं. आतेभाऊ माझ्या वडिलांना म्हणाला, "मामा, एक जोडी जुंपा ना."

"अबे, पोळा हाय आज! काल खांदे शेकले न् आज त्याईवर जू ठेवू?"

वर्षातल्या या एकाच दिवशी बैल मिळत नाही, हे या शहाण्याच्या ध्यानातच नव्हतं. आत्या लेकाला म्हणाली, "जाऊ दे बापू, उतरतो मी. दोन पावलावर तं हाय." तो ओरडला, "उतरू नको आई! बाबानं तुले पायी न्यायचं कबूल नोतं केलं." मग माझ्याकडे वळून, "पुढारी, लाव खांदा!"

आणि अख्ख्या गावानं खांदा लावला. माझ्या एका हाकेला जे गाव कधी उठलं नाही, ते त्या बंद मोटारीला हसत, शिव्या घालत तोरणाखाली घेऊन आलं. कुणीतरी तिच्या कपाळाला बैलाचं बाशिंग बांधलं. आत्या आत ताठ बसली होती, डोळे पुसत. "दादा," ती वडिलांना म्हणाली, "आली पाहा मी मोटारीत."

मग तिनं मला पाहिलं, चिखलानं माखलेला. बाजूला सरकून म्हणाली, "ये, बस माह्याजवळ. सरकी टोचते जराशी."

मी तत्त्वाचा माणूस. नाही म्हणालो. चिखलाच्या पायांनी आतेभाऊच जाऊन बसला.

मोटार पुन्हा कधी गावाकडे आली नाही आणि पुढच्या पोळ्याला आत्या नव्हती. मी अजूनही खाजगी मोटारीच्या विरोधात लिहितो. आतेभाऊ भेटला की अजूनही पाठ खाजवत सांगतो, त्या दिवशी सरकी किती टोचत होती ते. मी ऐकून घेतो आणि जळतो.