काकणमावशीच्या पायाचा अंगठा

पौष शुद्ध दशमी. संक्रांत तोंडावर आली म्हणून तांब्यापितळेची भांडी घासायला काढली होती. घागरीला चिंच लावताना डाव्या तळहाताची एकदम आग झाली. हात धुऊन उजेडात धरला. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा लाल चट्टा, त्यावर पांढरे खवले आणि मधोमध चीर. चीर त्या दिवसाची नव्हती. महिनाभर मी तिला थंडीची चीर म्हणत होते. आता म्हणवेना, कारण असा हात मी एकदा फार जवळून पाहिला आहे.

तो काकणमावशीचा. ती भोरची कासारीण. मी आंबवड्याला लग्न होऊन आले तेव्हा ती दर महिन्याला खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांचा मलार टाकून चालत यायची. दोन्ही तळहात खवल्यांनी भरलेले, बोटांची पेरं उकललेली, आणि धंदा काचेचा. समोरचीचा पंजा आपल्या हातात दाबून, हाडं मऊ करून ती बांगडी चढवायची. एखादी फुटली की काच तिच्या चिरेत शिरायची. रक्त यायचं, पण तोंडावरची रेघ हलायची नाही. सवाष्णीच्या हातात काकण चढताना कुणी विव्हळू नये, भरणारीने नाही आणि भरून घेणारीनेही नाही, हा तिचा नेम. एखादी पोर "आई गं" म्हणाली की दटावायची, "गप. काकण ऐकतंय."

पण दुखणं कुठेतरी जाणारच. तिचं उजव्या पायाच्या अंगठ्यात जायचं. काच लागली की तो अंगठा जमिनीत रुतायचा. हे मला ठाऊक होतं, कारण नव्या सुनेची नजर खाली असते. सासरची माणसं मी आधी पायांवरून ओळखायला शिकले, मग तोंडांवरून.

हिवाळ्यात तिचे हात पाहवत नसत. "थंडी माझी सासू आन ऊन माझं म्हायेर," असं म्हणून ती आमच्या अंगणात आधी उन्हाला बसायची, मग कामाला. कमरेच्या पिशवीत पानात गुंडाळलेला कोकमतेलाचा गोळा असे. तो घाट चढून कोकणातून यायचा. चुलीजवळ धरून वितळवायची आणि चिरांत भरायची. मी विचारलं, "मावशी, लई दुखतं का?" तर म्हणाली, "दुखतंय तवर हात माझा हाय. ज्या दिशी दुखायचा ऱ्हाईल, त्या दिशी मीच तुमच्या दारात यायची न्हाई."

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. गावाला मात्र कळत होतं. महारोगाचा चट्टा बधिर असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आधी एका घराने बांगड्या दारातच निवडून घेतल्या आणि भरायचं काम घरातल्या जावेने केलं. मग दुसऱ्या घराने तिच्यासाठी वेगळा तांब्या ठेवला. मग पाणी वरून ओतू लागले. ती ओंजळीने प्यायची. चिरांतून पाणी गळायचं.

मला सातवा महिना लागला. हिरवा चुडा भरायचा म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला निरोप धाडला. आत्याबाई दुष्ट नव्हत्या. स्वतःची दोन मुलं पुरलेली बाई होती. तिला कशाचाच धीर उरला नव्हता. मावशी ओसरीवर बसली, मलार सोडला, आणि आत्याबाई वाकळ शिवायची सुई घेऊन बाहेर आल्या. मागे शेजारची जनाकाकू.

"मावशे, डोळं मीट आन हात पुढं कर. माझ्या सुनंच्या पोटात वंशाचा दिवा हाय. खात्री करून घेती."

मावशीने सुईकडे पाहिलं. मग डोळे मिटले. "करा बाई. टोचा."

आत्याबाईंनी एकदा टोचली. मग दुसऱ्यांदा, चिरेच्या कडेला, खोल. मावशीचं तोंड दगडाचं. पण मी खाली पाहत होते. अंगठा असा रुतला की सारवणाचा पोपडा निघाला.

"बगा! काय सुदिक न्हाई!" जनाकाकू ओरडली.

मावशीने डोळे उघडले. "टोचली की. दोन डाव टोचली."

"मग वरडली का न्हाईस?"

"चुडा भरायला आलीया मी. हितं कशी वरडू?"

"हे मागनं सुचलंय तुला," आत्याबाई म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. माझी नजर कुठे असते हे तिला ठाऊक होतं. सारवणाचा पोपडा अजून तिच्या पायाशीच पडला होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. मी पदर सारखा केला. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की पोटातल्या मुलासाठी गप्प राहिले. खरं एवढंच की सासूपुढे तोंड उघडायची छाती नव्हती.

तिने मलारातून हिरव्या बांगड्या सोडून घेतल्या आणि ओसरीच्या कडेला ठेवल्या. "तुज्या मापाच्या हाईत, पोरी. दुसरीकडनं भरून घे." एवढं बोलून मलार बांधला आणि गेली. ती वळणापलीकडे जाताच आत्याबाईंनी त्या बांगड्या काठीने ओढत नेऊन उकिरड्यावर टाकल्या. फुटल्याचा आवाज घरात आला. सातव्या महिन्यात मी तो ऐकला, आणि बाळंत होईपर्यंत तो माझ्या कानांतून गेला नाही.

मुलगा सुखरूप झाला. गावाने हे सुईचं पुण्य मानलं, वेळेवर टोचून पाहिल्याचं. त्यामुळे गोष्ट आणखी पसरली. दोन आठवडी बाजारांत ती भोरात पोचली. मावशीच्या घरच्यांनी तिला शेतातल्या खोपटात वेगळं ठेवलं. वैशाखात माझा भाऊ वेल्ह्याहून पुण्याला निघाला होता, त्याला ती शिवऱ्याला सडकेच्या कडेला बसलेली दिसली. मलार नव्हता. दोन्ही हात उन्हात उताणे ठेवलेले. "आक्का, हात सोच्छ होते गं तिचे. डागसुदिक न्हवता," तो म्हणाला. मी धीर करून ते आत्याबाईंच्या कानावर घातलं. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "दिसंना झालं म्हंजे गेलं, असं नसतं."

त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही. निदान सांगायला कुणी आलं नाही.

चिंच हातावरून धुऊन मी तशीच बसले होते, तेव्हा सूनबाई पाठीमागे उभी होती. त्याच मुलाची बायको. तिलाही आता सहावा सरत आलाय. आत्याबाई हे नाव आता माझं झालं आहे.

"आत्याबाई, हाताला काय झालं?"

मी मूठ मिटली. "चिंच लागली."

संध्याकाळी भाकरी थापायला मी बसले, तर परात आधीच तिच्यापुढे होती. "ऱ्हाऊ द्या, मी करती," म्हणाली. असं ती यापूर्वी कधी म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दोघी तीळ निवडायला येणार होत्या. त्या ओसरीवर टेकल्या तशी मी वाकळ शिवायची सुई आणली, सूनबाईच्या हातात दिली आणि तळहात तिच्यापुढे उघडून धरला.

"टोच."

"अवो, मी कशाला..."

"टोच म्हणते ना. चिरेजवळ. खोल."

तिने टोचली. मी बोंबलले. अशी की एकीच्या हातचं सूप पडून तीळ अंगणभर झाले आणि पलीकडच्या आळीतलं कुत्रं भुंकू लागलं. इतक्या वर्षांत या घरात एवढ्या मोठ्याने मी कधी काही बोलले नव्हते.

"दुखतं," मी म्हणाले. "ऐकलं ना सगळ्यांनी?"

"व्हय, आत्याबाई," सूनबाई म्हणाली. आत जाऊन तिने पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही.

मी तो उचलला, पाणी प्याले आणि राहिलेली घागर घासायला घेतली.